सक्तीची मध्यस्थी आणि नकार देणारा पक्षकार : वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

वैवाहिक वाद निकालापेक्षा तडजोडीने मिटलेला बरा, हे तत्त्व भारतीय कौटुंबिक कायद्याने फार पूर्वी स्वीकारले आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम २३(२) आणि कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ मधील कलम ९ यांनी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले आहे. या धोरणाविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बरेचसे लेखन दोन्ही पक्ष मध्यस्थासमोर बसले आहेत असे गृहीत धरून पुढे जाते. एक पक्ष आलाच नाही तर काय, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

एका हाताने टाळी वाजत नाही ही म्हण मध्यस्थीला जितकी लागू पडते तितकी अन्य कोणत्याही न्यायप्रक्रियेला लागू पडत नाही. प्रतिवादी गैरहजर असला तरी दाव्याचा निकाल एकतर्फी देता येतो. तडजोड एकतर्फी होऊ शकत नाही. त्यामुळे मध्यस्थीचा टप्पा जेथे अनिवार्य आहे तेथे न येणाऱ्या पक्षकाराच्या हाती एक विलक्षण अधिकार येतो. तो काहीही न करता प्रक्रिया थांबवू शकतो. सक्तीच्या मध्यस्थीचे मूल्यमापन सामान्यतः मिटलेल्या प्रकरणांच्या संख्येवरून केले जाते. परंतु नकार देणाऱ्या पक्षकाराच्या बाबतीत कायदा काय करतो, ही त्या व्यवस्थेची अधिक कठोर कसोटी होय. प्रस्तुत लेखात या कसोटीवर प्रचलित व्यवस्थेची चिकित्सा केली असून, त्यासाठी वाशिम जिल्ह्याचा सामाजिक संदर्भ घेतला आहे.

समेटाच्या तत्त्वाची वाटचाल

स्वतंत्र कौटुंबिक न्यायालयांची कल्पना भारतात प्रथम आग्रहाने मांडली ती दुर्गाबाई देशमुख यांनी. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यात तेथील न्यायालये पाहिल्यानंतर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एम. सी. छागला व न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी या विषयावर चर्चा केली होती. पुढे विधी आयोगाने १९७४ च्या एकोणसाठाव्या अहवालात कौटुंबिक वादांकडे सामान्य दिवाणी दाव्यांपेक्षा वेगळ्या दृष्टीने पाहण्याची शिफारस केली. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३२-अ समाविष्ट झाला आणि १९८४ मध्ये कौटुंबिक न्यायालय कायदा आला. महाराष्ट्रात अशी न्यायालये १९८९ पासून सुरू झाली.

या वाटचालीत एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा बदल झालेला दिसतो. १९५५ च्या कायद्यातील कलम २३(२) पती-पत्नींमधील मनोमीलनाविषयी बोलते. १९८४ च्या कायद्यातील कलम ९ वादविषयाबाबतच्या तडजोडीविषयी बोलते. पहिल्यात संसार पुन्हा जुळणे अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांबाबतचा करार पुरेसा आहे. घटस्फोटानंतरही कलम २५ खालील पोटगीत बदल मागता येतो आणि कलम २६ खालील मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलता येतात. अशा पूर्वाश्रमीच्या जोडीदारांमध्ये मनोमीलनाचा प्रश्नच उरत नाही. तडजोडीची गरज मात्र मुले सज्ञान होईपर्यंत उरते.

दुसरा बदल मुदतीचा आहे. कलम २३(३) नुसार मनोमीलनासाठी कामकाज तहकूब करावयाचे झाल्यास ते पंधरा दिवसांहून अधिक नाही अशा वाजवी काळासाठीच करता येते. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९(२) मध्ये ही मर्यादा नाही. न्यायालयास योग्य वाटेल तेवढ्या काळासाठी तहकुबी देता येते. अधिक उदार हेतूने केलेल्या कायद्याने काळाचे बंधन काढून टाकले आणि सहकार्य न करणाऱ्या पक्षकाराला नकळत सवलत दिली.

नकाराबाबत कायदा काय सांगतो ?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी केलीच पाहिजे, असे बंधन भारतातील कौटुंबिक वादांना नाही. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेत मांडलेल्या मध्यस्थी विधेयकात दिवाणी व व्यापारी वादांसाठी दावापूर्व मध्यस्थी अनिवार्य करण्याची तरतूद होती. संसदीय स्थायी समितीने २०२२ मध्ये तिचा फेरविचार सुचविला आणि २०२३ च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. कौटुंबिक वादातील सक्ती आहे ती दावा दाखल झाल्यानंतरची. ती मूलतः न्यायालयावर आहे. मात्र तिचा भार पक्षकारांवर पडतो.

ही सक्ती किती दूर जाते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निर्णयांवरून स्पष्ट होते. फेब्रुवारी २००७ मधील एका निर्णयात, परदेशी राहणारा पती समेटाच्या प्रयत्नासाठी उपस्थित न राहिल्याने उच्च न्यायालयाने काढलेले अजामीनपात्र वॉरंट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविले. २०१० मध्ये ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की या निर्णयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ चा अर्थ लावताना स्पष्ट केले की लवादासाठी व सलोखा कार्यवाहीसाठी दोन्ही पक्षांची संमती लागते. मध्यस्थीकडे प्रकरण पाठविण्यासाठी ती लागत नाही. २२ फेब्रुवारी २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने, समुपदेशकाने अपयशाचा अहवाल दिल्यानंतरही कौटुंबिक न्यायालयाने प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवावे, असा निर्देश दिला. मात्र तो देताना पक्षकारांची संमती आणि वाजवी कालमर्यादा या दोन अटी घातल्या.

तिन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की पक्षकाराला मध्यस्थाच्या दारापर्यंत आणण्याची साधने कायद्याकडे आहेत. वॉरंटाने माणूस हजर करता येतो, त्याची इच्छा हजर करता येत नाही. मग तो आलाच नाही, किंवा येऊन गप्प बसला, तर पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्वीकारलेल्या आदर्श मध्यस्थी नियमांत याचे अंशतः उत्तर आहे. एखादा पक्ष हेतुपुरस्सर गैरहजर राहिल्यास दुसरा पक्ष किंवा मध्यस्थ न्यायालयाकडे अर्ज करू शकतो आणि न्यायालय योग्य ते निर्देश देऊ शकते. मध्यस्थीसाठी साठ दिवस आणि आवश्यकता भासल्यास आणखी तीस दिवस, अशी मर्यादाही त्यात आहे.

या तरतुदीचे दोन दोष आहेत. पहिला असा की अर्ज करण्याचा आणि समोरच्याचा हेतू दाखविण्याचा बोजा प्रामाणिकपणे हजर राहिलेल्या पक्षावर पडतो. दुसरा असा की ‘योग्य ते निर्देश’ म्हणजे काय, हे नियम सांगत नाही. नकार हा स्वतंत्र परिणाम म्हणून नोंदविला जात नाही. प्रयत्न करूनही न जमलेली मध्यस्थी आणि सुरूच न झालेली मध्यस्थी या दोहोंची गणना अपयशातच होते.

वाशिमचा संदर्भ

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून तीत ग्रामीण लोकसंख्या बहुसंख्य आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला त्यांत वाशिम होता. कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम ३ दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरासाठीच असे न्यायालय अनिवार्य करते. वाशिम शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ७८ हजार होती. म्हणजेच अशा जिल्ह्यांत स्वतंत्र कौटुंबिक न्यायालय, प्रशिक्षित विवाह समुपदेशक आणि सामाजिक संस्थांचे साहाय्य या गोष्टी पक्षकाराच्या हक्काच्या नसून शासनाच्या विवेकाधीन आहेत.

या जिल्ह्यात न्यायालयातील मध्यस्थी ही बहुधा पहिली मध्यस्थी नसते. सोयरिकीतील ज्येष्ठांची बैठक, तांड्यावर नायक-कारभाऱ्यांची बैठक, १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील गावसमिती, पोलिसांकडील महिला साहाय्य कक्ष अशा अनेक पायऱ्या चढून प्रकरण न्यायालयात येऊ शकते. प्रत्येक पायरीवर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते. अशा पक्षकाराला न्यायाधीशांनी ‘मध्यस्थीला जा’ म्हणणे, म्हणजे आतापर्यंतच्या साऱ्या प्रयत्नांची पुनरावृत्ती वाटल्यास नवल नाही.

भाषेचाही येथे विचार करावा लागतो. ग्रामीण मराठीत ‘मध्यस्थ’ हा शब्द प्रथम लग्न जुळविणाऱ्या व्यक्तीसाठी येतो. लग्नात कुरबूर झाली की तोच मध्यस्थ समजूत घालावयास येतो. ‘समेट’ म्हणजे मुलीला पुन्हा नांदावयास पाठविणे, हा अर्थ रूढ आहे. न्यायालयाच्या कागदावर हे शब्द येतात तेव्हा ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनात त्यांचा गावातील अर्थच जागा होतो. पोटगीची रक्कम ठरविण्यासाठीची बैठक आणि परत नांदण्यासाठीची बैठक यांतील भेद तिला कोणी समजावून सांगितला नाही, तर तिचा नकार हा मध्यस्थीला नसून परत जाण्याला असतो.

जुन्या पंचायतीला नकार देणे अवघड होते, कारण तिच्या मागे बहिष्काराची धमकी उभी असे. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा अपराध ठरविला. ही धमकी गेली हे इष्टच झाले. परंतु तिच्या जागी न्याय्य, लिखित आणि मर्यादित स्वरूपाचा परिणाम आला नाही. परिणामी पंचायतीसमोर निमूट बसणारा पती न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्राकडे निर्धास्तपणे पाठ फिरवू शकतो.

नकाराचे प्रकार

सर्व नकार सारखे नसतात, आणि त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. त्यांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला, भीतीपोटी दिलेला नकार. जेथे मारहाण झाली आहे तेथे समोरासमोर बसविणे हीच दुसरी इजा असते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खालील नियमांनी समुपदेशनातही प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करू दिले जाणार नाही, असे म्हटले आहे. कौटुंबिक न्यायालयांच्या संसार टिकविण्याच्या आग्रहावर फ्लेविया ॲग्नेस यांच्यासारख्या स्त्रीवादी कायदेतज्ज्ञांनी केलेली टीका याच अनुभवातून आली आहे.

दुसरा, परिस्थितीने लादलेला नकार. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला स्वतःच्या निवासस्थानी याचिका दाखल करण्याचा अधिकार दिला. मानोऱ्याच्या माहेरी राहणारी पत्नी आता वाशिम जिल्ह्यातच दाद मागू शकते. परंतु पुण्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या पतीला प्रत्येक तारखेला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी सोसावी लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असे ठरविले की समेटाचे प्रयत्न संपण्यापूर्वी वैवाहिक प्रकरणात दृक्‌श्राव्य माध्यमाचा वापर करू नये, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदविले. पुढे २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने ऑनलाइन मध्यस्थीला स्थान दिले, हे पाहता भिन्नमतातील दृष्टी अधिक व्यवहार्य होती असे म्हणावे लागते.

तिसरा, थकव्यातून आलेला नकार; त्याचा उल्लेख वर आलाच आहे. चौथा, डावपेच म्हणून दिलेला नकार. येथे पक्षकाराला तडजोड नको असते आणि निकालही नको असतो; हवा असतो तो वेळ. मुलाच्या ताब्याच्या वादात तर तारीख हाच निकाल ठरतो. मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ते रुळते आणि पुढे तेच रुळणे त्याच्या बाजूचे कारण म्हणून पुढे येते.

या चौथ्या प्रकाराची किंमत पोटगीच्या प्रकरणात सर्वाधिक जाणवते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्येही ती तरतूद कायम आहे. विदर्भातीलच एका प्रकरणात, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेला अंतरिम पोटगीचा वाद सात वर्षे विविध न्यायालयांत प्रलंबित होता. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊन उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र अनिवार्य केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचा नियम घालून दिला. तो विलंब मध्यस्थीमुळे झाला असे नव्हे. परंतु जेथे साठ दिवसांच्या मुदतीची सात वर्षे होऊ शकतात, तेथे मुदतीवाचून असलेल्या आणखी एका टप्प्याचा उपयोग कोण कसा करील, हे सांगावयास नको.

व्यापाऱ्याला मिळालेली वाट

विशेष म्हणजे या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यातच उपलब्ध आहे. फक्त ते कुटुंबासाठी नाही. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये घातलेल्या कलम १२-अ ने, तातडीचा दिलासा मागितला नसल्यास, दावापूर्व मध्यस्थी अनिवार्य केली. १७ ऑगस्ट २०२२ रोजी पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती बंधनकारक असल्याचे ठरविले. मात्र २०१८ च्या नियमांनी या सक्तीबरोबरच बाहेर पडण्याची वाटही आखली आहे. प्रतिपक्षाला नोटीस जाते; उत्तर न आल्यास अंतिम नोटीस जाते; तरीही तो आला नाही किंवा त्याने नकार दिला, तर मध्यस्थी ‘सुरूच होऊ शकली नाही’ असा अहवाल विहित नमुन्यात दिला जातो आणि वादी दावा दाखल करण्यास मोकळा होतो. ही प्रक्रिया विधी सेवा प्राधिकरणांमार्फतच चालते. म्हणजे थकीत रकमेसाठी आलेल्या व्यापाऱ्याला नकाराचा दाखला मिळतो. थकीत पोटगीसाठी आलेल्या स्त्रीला मिळते ती पुढची तारीख.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या कौटुंबिक कायद्यात २००६ मध्ये घातलेल्या कलम ६०-आय नुसार मुलांविषयीच्या वादात न्यायालयात येण्यापूर्वी कौटुंबिक विवाद निराकरणाचा प्रयत्न करावा लागतो. तेथे मध्यस्थ पाच प्रकारचे दाखले देऊ शकतो. दुसऱ्या पक्षाने नकार दिल्यामुळे प्रक्रिया झाली नाही, हा त्यातील एक. प्रकरण मध्यस्थीस योग्य नाही, हा दुसरा. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांना दाखल्याच्या अटीतूनच सूट आहे. सक्ती आहे, पण ती प्रयत्नाची. आणि प्रयत्न करणारा दुसऱ्याच्या नकारामुळे अडकून पडत नाही.

एक आक्षेप

नकाराची नोंद केल्यास मध्यस्थीची गोपनीयता भंग पावेल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. मध्यस्थीतील संभाषण न्यायालयापुढे येऊ नये, हा नियम तिचा प्राण आहे, यात शंका नाही. परंतु हजेरी हे संभाषण नव्हे. नोटीस पोहोचली की नाही, पक्षकार आला की नाही, या गोष्टी बैठकीच्या बाहेर घडतात. त्या नोंदविल्याने कोणाचेही मनोगत उघड होत नाही. मात्र ऑस्ट्रेलियातील ‘प्रामाणिक प्रयत्न केला नाही’ या प्रकारचा दाखला येथे आणू नये. तो देताना मध्यस्थाला पक्षकाराच्या वर्तनाचा न्यायनिवाडा करावा लागतो, आणि जेथे मध्यस्थ, वकील व पक्षकार एकमेकांना ओळखत असण्याचा संभव मोठा, अशा लहान जिल्ह्यात त्याचे दुष्परिणाम अधिक होतील.

त्याचप्रमाणे नकाराबद्दल दंड हाही सरधोपट उपाय ठरेल. भीतीने न आलेल्या स्त्रीवर आणि मजुरी बुडू नये म्हणून न आलेल्या पुरुषावर तो सारखाच कोसळेल. नकाराचा योग्य परिणाम शिक्षा हा नसून, नकार देणाऱ्याला त्यातून कोणताही लाभ न होणे हा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कौटुंबिक मध्यस्थीतील सक्ती मूलतः अन्याय्य नाही, परंतु नकाराची वाट लिखित नसल्यामुळे ती अन्यायाचे साधन बनू शकते.

२) दोन नोटिसांनंतरही पक्षकार न आल्यास मध्यस्थी सुरू न झाल्याचा दाखला ठराविक दिवसांत देण्याची तरतूद उच्च न्यायालयाच्या नियमांतून करता येईल. व्यापारी वादांसाठीचा नमुना त्यासाठी उपलब्ध आहे.

३) अंतरिम पोटगी आणि मुलाच्या भेटीचा अंतरिम आदेश मध्यस्थीच्या निष्पत्तीवर अवलंबून ठेवू नयेत, दोन्ही प्रक्रिया समांतर चालाव्यात.

४) प्रकरण पाठविण्यापूर्वी प्रत्येक पक्षकाराशी स्वतंत्र बोलून नकाराचे कारण समजून घ्यावे. भीतीचे कारण असल्यास मध्यस्थी टाळावी. अंतराचे असल्यास ऑनलाइन बैठक द्यावी. पूर्वी बैठका झाल्या असल्यास त्यांची पुनरावृत्ती लादू नये.

५) नोटिशीची भाषा सोपी मराठी असावी आणि बैठक नांदण्याविषयी आहे की देण्याघेण्याविषयी, हे तीत स्पष्ट लिहावे.

वाशिमसारख्या जिल्ह्यात स्वतंत्र इमारती आणि पदे निर्माण होण्यास काळ लागेल. नकाराचा एक पानी दाखला देण्यास मात्र इमारत लागत नाही. न आलेल्या पक्षकाराची वाट किती पाहावयाची, हे त्या पक्षकाराने नव्हे, तर कायद्याने ठरवावयाचे असते. आणि आलेल्या पक्षकाराला ते पहिल्याच दिवशी कळावयास हवे.